एरर, बग, फॉल्ट, ग्लिच: एकाच गोष्टीची इतकी नावं कशाला?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना शंभर वेळा आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे एक साधं इंग्रजी नाम. 'एरर'. आणि त्याची भावंडं: मिस्टेक, फॉल्ट, डिफेक्ट, फेल्युअर, बग, ग्लिच. थिसॉरस उघडलात तर हे सगळे एका ओळीत स्वल्पविराम देऊन बसवलेले दिसतात, जणू काही कुठलाही उचला, काम होईल. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे शब्द दिवसभर कानावर पडतात. आणि माझं म्हणणं असं की हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. यातला कुठला शब्द तुम्ही वापरता, यावरून पुढचा प्रश्न कुणाला विचारला जाणार ते ठरतं. हे फक्त भाषेच्या हौशी लोकांचं प्रकरण नाही. ब्रिटनमध्ये या शब्दांची अदलाबदल शेकडो लोकांना फार महागात पडली. तिथे जाऊच, पण आधी आपल्या मराठीपासून सुरुवात करू.

घरातला पंखा बंद पडला. आपण काय म्हणतो? 'पंख्यात बिघाड झालाय.' 'पंख्याची चूक झाली' असं कुणी म्हणत नाही. चूक माणसाची होते. यंत्राचा बिघाड होतो. आणि मध्ये तिसरा शब्द आहे, 'दोष'. कापडात दोष असतो, वायरिंगमध्ये दोष असतो. तो दिसेलच असं नाही, पण आत असतो. गंमत म्हणजे हाच शब्द आपण माणसाच्या अंगावरही टाकतो: 'मला कशाला दोष देतोस?' इंग्रजीतल्या 'फॉल्ट'चं अगदी असंच आहे. टेलिफोन लाइनमध्ये फॉल्ट असतो, आणि 'इट्स युवर फॉल्ट' हेही त्याच शब्दात. एकच शब्द वस्तूतली खोट दाखवतो आणि माणसाकडे बोटही दाखवतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'त्रुटी' घ्या. मराठीत त्रुटी म्हणजे मुळात उणीव. अर्जात त्रुटी निघाली, म्हणजे बहुतेक वेळा एखादा दाखला जोडायचा राहिलाय. आता मोबाइलच्या स्क्रीनवर 'त्रुटी आली' असं दिसतं, तेव्हा तो शब्द 'एरर'च्या जागी बसवलेला असतो. त्यामुळे नेमकं काय राहिलं, की काय बिघडलं, की मी काही चुकीचं दाबलं, यातलं काहीच कळत नाही.

आणि खुद्द 'एरर'? त्याचं मूळ लॅटिनमधल्या भटकणं, वाट सोडून जाणं या अर्थाच्या क्रियापदात आहे. आपलं 'चुकणं' त्याच्या किती जवळ आहे बघा. वाट चुकते, जत्रेत चुकामूक होते. त्यात पाप नाही, अपराध नाही. फक्त जिथे असायला हवं तिथे नसणं. 'मिस्टेक'मध्ये मात्र माणूस आलाच, कारण त्या शब्दातच 'चुकीचं घेणं' आहे. दोरीला साप समजणं, म्हणजे मिस्टेक. समजणारा कुणीतरी लागतो.

आता जरा माझ्या धंद्याकडे येतो. इंजिनिअर लोकांनाही हा गोंधळ जाणवलेला होता. आयईईई या संस्थेने १९९० मध्ये सॉफ्टवेअरच्या संज्ञांची एक शब्दावली काढली. त्यात 'एरर'चे चार वेगळे अर्थ नोंदवले आणि ते चार शब्दांत वाटून देता येतील असं सुचवलं. माणसाच्या हातून घडतं ते मिस्टेक. त्यामुळे कोडमध्ये जे बसून राहतं ते फॉल्ट. चालवल्यावर बाहेर जो चुकीचा निकाल दिसतो ते फेल्युअर. आणि आलेला आकडा व खरा आकडा यांतलं अंतर, ते एरर.

सगळेच लोक अशी वाटणी पाळत नाहीत. टेस्टिंगवाले माणसाच्या चुकीला 'एरर' म्हणतात आणि कोडमधल्या दोषाला 'डिफेक्ट'. सिस्टिमच्या भरवशावर संशोधन करणारा एक गट फॉल्ट आणि फेल्युअर यांच्या मधल्या अवस्थेला, म्हणजे आतली माहिती बिघडलेली आहे पण अजून बाहेर दिसलेली नाही, तिला 'एरर' म्हणतो. नावांवर वाद आहे. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे: माणसाने केलेलं, आत राहिलेलं आणि बाहेर दिसलेलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेत चूक, दोष, बिघाड. आपल्याकडे तर हे आधीपासूनच वेगळं आहे!

उदाहरण देतो. समजा, एका हाउसिंग सोसायटीचं सॉफ्टवेअर आहे. नियम असा की १० तारखेपर्यंत मेंटेनन्स भरला तर दंड नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने '१० पर्यंत'च्या ऐवजी '१० च्या आधी' अशी अट लिहिली. एका चिन्हाचा फरक. ही झाली चूक, एका दुपारी घडली आणि संपली. पण दोष कोडमध्ये राहिला. लोक ५ तारखेला भरतात, ७ तारखेला भरतात, सगळं ठीक चाललंय. चार महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बरोबर १० तारखेला पैसे भरले आणि त्यांना १०० रुपये दंड लागला. हा बिघाड. आणि १०० रुपये ही एरर.

आता सेक्रेटरी काय म्हणतात? 'काकू, तुम्ही उशिरा भरलेत. कॉम्प्युटर सांगतोय.'

इथे नीट बघा. चूक केली एकाने. दोष आहे दुसऱ्या ठिकाणी. बिघाड दिसला तिसऱ्याच माणसाच्या पावतीवर. आणि ज्याच्या पावतीवर दिसला त्यालाच विचारलं जातंय की तू काय चूक केलीस. पावतीवर 'एरर' एवढाच शब्द छापला असता तरी हेच झालं असतं, कारण त्या शब्दात या तिन्ही जागा एकत्र कोंबलेल्या आहेत.

आता 'बग'. बगची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डचा मार्क टू हा संगणक, त्याच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला, आणि शेजारी लिहिलं की खरोखरचा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. हा किस्सा 'बग शब्दाचा जन्म' म्हणून सांगितला जातो. पण त्या नोंदीतला विनोद कळायला बग हा शब्द आधीपासून वापरात असावा लागतो ना? होताच. थॉमस एडिसनने १८७८ मधल्या एका पत्रात आपल्या शोधांमधल्या बारीकसारीक अडचणींना 'बग' म्हटलेलं आहे.

या शब्दावर सर्वात जास्त चिडलेला माणूस म्हणजे एड्सगर डाइक्स्ट्रा, संगणकशास्त्रातलं फार मोठं नाव. १९८८ च्या एका लेखात त्याने सरळ म्हटलं की बगला बग म्हणणं बंद करा, एरर म्हणा. त्याचा मुद्दा असा की बग म्हटलं की वाटतं, आपलं लक्ष नसताना किडा बाहेरून आत शिरला. प्रत्यक्षात तो आत ठेवलेला असतो प्रोग्रॅमरनेच. म्हणजे तो शब्द प्रामाणिक नाही, जबाबदारी झटकणारा आहे.

मला डाइक्स्ट्राचं अर्धंच पटतं. 'किडा शिरला' ही पळवाट आहे, मान्य. पण 'एरर' म्हटल्यावर जबाबदारी नेमकी प्रोग्रॅमरवर जाऊन बसेल, हा त्याचा विश्वास जरा जास्तच होता. एरर हा शब्द बोट दाखवतो, पण कुणाकडे ते सांगत नाही.

'ग्लिच'चं आणखी वेगळं. तो बहुधा यिडिश भाषेतल्या निसरड्या जागेच्या शब्दावरून आला. त्याचा भावही तसाच आहे. पाय जरा घसरला, परत सावरला, चला पुढे. ग्लिच म्हटलं की कुणी कारण शोधत बसत नाही. रीस्टार्ट करा, होईल नीट.

आमच्या धंद्यात असे शब्द किती आहेत! क्लायंटला मेल लिहिताना 'बग' लिहीत नाहीत, 'ऑब्झर्व्हेशन' लिहितात. जुना बग असेल तर 'नोन इश्यू'. दुरुस्त करायचा नसेल तर 'वर्किंग ॲज डिझाइन्ड'. आणि अगदीच अंगाशी येत असेल तर 'यूजर एरर'. हसू येतं, पण प्रत्येक शब्दाबरोबर काम कुणाच्या टेबलावर जाणार ते बदलतं, हे आतल्या प्रत्येकाला माहीत असतं.

आता ब्रिटनकडे येतो. २०२४ च्या जानेवारीत तिथे टीव्हीवर एक मालिका गाजली, तेव्हा हे प्रकरण आपल्याकडेही अनेकांच्या कानावर आलं असेल.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसच्या बऱ्याच शाखा सबपोस्टमास्टर चालवतात. हे पगारी नोकर नाहीत. साधारण छोटे दुकानदार, दुकानातच पोस्टाचा काउंटर, पोस्ट ऑफिसशी करार. १९९९ पासून तिथे 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आली, फुजित्सू कंपनीची. आणि अनेक शाखांत संध्याकाळी हिशेब जुळेना. स्क्रीन सांगते अमुक रक्कम हवी, गल्ल्यात तेवढी नाही.

इथे त्या करारातलं एक कलम महत्त्वाचं आहे. त्यात म्हटलं होतं की सबपोस्टमास्टरच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, हलगर्जीपणामुळे किंवा 'एरर'मुळे जो तोटा होईल तो त्याने भरून द्यायचा. 'एरर'! या वाक्यात तो शब्द माणसाच्या चुकीसाठी आहे. पण व्यवहारात काय झालं? स्क्रीनवर एरर दिसली, म्हणजे आकड्यांतलं अंतर दिसलं, की ती सबपोस्टमास्टरची एरर, म्हणजे त्याची चूक, असं धरलं गेलं. शब्द तोच, अर्थ बदलला, आणि मधला दोषाचा टप्पा, 'प्रणालीत काही आहे का ते बघू', तो गळालाच.

आपल्या मराठीत हे जास्त स्पष्ट सांगता येईल. हिशेब जुळत नाही तेव्हा तीन शब्द आहेत: फरक, तूट आणि अफरातफर. 'फरक' म्हणजे दोन आकडे वेगळे आहेत, एवढंच. 'तूट' म्हणजे पैसे असायला हवे होते आणि नाहीत. 'अफरातफर' म्हणजे ते कुणीतरी घेतले. एका शब्दावरून पुढच्या शब्दावर जायला दर वेळी पुरावा लागतो. तिथे फरक दिसला की तूट लिहिली गेली, आणि तूट भरता आली नाही की चोरीचा किंवा खोट्या हिशेबाचा खटला. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. यातले बरेचसे खटले खुद्द पोस्ट ऑफिसनेच चालवले होते. कित्येकांनी तर खटला टाळायला घरचे पैसे घालून हिशेब चुकता केला. न घेतलेल्या पैशांचा.

सीमा मिश्रा हे त्यातलं एक नाव. भारतीय वंशाच्या, सरे परगण्यात वेस्ट बायफ्लीटला शाखा चालवायच्या. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांचा गुन्हा रद्द व्हायला एप्रिल २०२१ उजाडलं.

तुम्ही विचाराल, कोर्टात कुणी म्हटलं नाही का, की कॉम्प्युटर चुकत असेल? म्हटलं. पण इंग्लंडच्या कायद्यात संगणक नीट चालतोय असं गृहीत धरलं जातं, उलट पुरावा येईपर्यंत. आणि तो पुरावा आणणार कोण? काउंटरवर बसलेल्या माणसाला फक्त बिघाड दिसतो. दोष जिथे आहे ते कोड आणि त्याच्या नोंदी, त्या त्याच्या हातात नसतातच.

दोष कसा असतो बघा. ऑक्टोबर २०१५, स्कॉटलंडमधलं डलमेलिंग्टन. ८,००० पौंडांची रोकड एकीकडून दुसरीकडे वर्ग करताना स्क्रीन पुढे सरकेना. मग एंटर पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. आपण सगळेच असं करतो. प्रत्येक दाबण्यागणिक प्रणालीने नवी नोंद केली. ८,००० चे ३२,००० झाले, म्हणजे २४,००० पौंड 'तूट'. एकही नोट हलली नव्हती.

आता तो प्रसंग, ज्यामुळे मला हा भाग करावासा वाटला. २०१३ च्या जुलैमध्ये या प्रकरणाची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र हिशेबतज्ज्ञांचा अंतरिम अहवाल येणार होता. पोस्ट ऑफिसने तोवर त्यांना होरायझनमधले दोन दोष सांगितलेले होते, ७६ शाखांवर परिणाम झालेले. त्या दिवसांत पोस्ट ऑफिसच्या प्रमुख पॉला व्हेनेल्स यांनी आपल्या नवऱ्याला एक प्रश्न विचारला. बग, ग्लिच, डिफेक्ट या शब्दांसाठी भावना न भडकवणारा दुसरा शब्द कोणता? उत्तर आलं: 'एक्सेप्शन' किंवा 'ॲनॉमली'. ते त्यांनी मेलने सहकाऱ्यांना कळवलं. पुढे सार्वजनिक चौकशीत हा मेल समोर आला आणि मे २०२४ मध्ये त्यांना त्याबद्दल प्रश्न विचारले गेले.

म्हणजे बघा, थिसॉरसचंच काम. समानार्थी शब्द हवा होता. पण हे शब्द समानार्थी नाहीत. 'ॲनॉमली' म्हणजे नेहमीच्या नमुन्यात न बसणारं काहीतरी, विसंगती. विसंगती कुणाच्याही खात्यात निघू शकते. दोष प्रणालीत आहे हे तो शब्द सांगतच नाही. आणि 'एक्सेप्शन'? प्रोग्रॅमिंगमध्ये एक्सेप्शनला पक्का अर्थ आहे. नेहमीच्या मार्गाने पुढे जाता येत नाही, असं प्रोग्रॅम स्वतःहून ओरडून सांगतो, तेव्हा तो एक्सेप्शन टाकतो. होरायझनने ओरडायलाच तर हवं होतं! डलमेलिंग्टनला तो ओरडला नाही. त्याने गुपचूप, व्यवस्थित, चुकीचे आकडे लिहिले. त्याला एक्सेप्शन म्हणणं म्हणजे जे घडलं त्याच्या बरोबर उलट.

शेवटी ॲलन बेट्स आणि इतर मिळून ५५५ जण कोर्टात गेले. १६ डिसेंबर २०१९ ला न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांचा निकाल आला. त्या खटल्यात प्रश्न कसा मांडला होता माहितीये? होरायझनमध्ये 'बग, एरर किंवा डिफेक्ट' होते का? तिन्ही शब्द एकत्र बांधून. माझ्या मते हे फार शहाणपणाचं होतं, कारण एक शब्द नाकारून दुसऱ्यातून निसटायला जागाच राहिली नाही. उत्तर आलं, होते. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टाने ३९ जणांचे गुन्हे रद्द केले. मे २०२४ मध्ये तर खास कायदा करून उरलेल्या शेकडो लोकांचे गुन्हे एकदम रद्द करावे लागले.

हे सगळं एका शब्दामुळे झालं असं मी म्हणत नाही. त्यात पैसा होता, प्रतिष्ठा होती, लपवाछपवी होती. पण 'कुणाची चूक' हा प्रश्न 'दोष कुठे आहे' या प्रश्नाच्या आधी विचारता आला, तो शब्दांच्या या गोंधळामुळेच.

आपल्याकडेही दोन तयार शब्दप्रयोग आहेतच. 'तांत्रिक बिघाड' आणि 'मानवी चूक'. लोकल थांबली की घोषणा होते, तांत्रिक बिघाडामुळे. तिथे विषय संपतो. बिघाड म्हणजे फक्त दिसलेलं. कुठल्या दोषामुळे, तो किती दिवस होता, कुणाला माहीत होता, हे विचारायचं राहतंच. आणि 'मानवी चूक' म्हटलं की बहुतेक वेळा शेवटचं बटण दाबणारा माणूस सापडतो. त्याच्या हातात ते बटण तसं देणाऱ्यापर्यंत कुणी जात नाही.

मग आपण काय करायचं? दोन गोष्टी सांगतो. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी: तिकीट लिहिताना तीन ओळी वेगळ्या ठेवा. आधी काय दिसलं. मग ते कशामुळे, म्हणजे दोष कुठे. मग तो दोष आत कसा आला आणि तपासणीत का निसटला. हाच क्रम. तिसऱ्यापासून सुरुवात केली की पहिल्या दोन ओळी कुणी लिहीतच नाही.

आणि बाकी सगळ्यांसाठी: बँकेत, ॲपवर, सोसायटीत आकडा जुळला नाही तर तक्रारीत 'माझ्याकडून चूक झाली असेल' असं सौजन्य म्हणून लिहू नका. 'तूट' असंही लिहू नका. 'फरक' लिहा. तारीख, वेळ, तुम्ही काय दाबलं, स्क्रीनवर काय आलं, तुमच्या हिशेबाने काय यायला हवं होतं, एवढंच. आणि समोरून 'यूजर एरर' असं उत्तर आलं तर शांतपणे विचारा: कुठली एरर? मी केलेली चूक, तुमच्याकडचा दोष, की मला दिसलेला बिघाड? आणि ते कुठल्या नोंदीवरून ठरवलंत?

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या कामाच्या ठिकाणी चुकीसाठी असे खास शब्द असतील, दवाखान्यात, कारखान्यात, बँकेत, शाळेत, तर जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात घेऊ. भेटू लवकरच.